शेलापागोटे आणि आमची कात्री

परीक्षांचे वेळापत्रक फलकावर लागले, की निरोप समारंभाची तारीख ठरते आणि समारंभाच्या आदल्या दुपारी मराठी विभागाच्या टेबलावर बुटांच्या खोक्याची एक पेटी येऊन बसते. तिच्या झाकणाला आडवी फट पाडलेली असते आणि आत चतकोर कागदाच्या घड्या असतात. तीन वर्षे एकत्र बसलेल्या मुलामुलींनी एकमेकांसाठी लिहिलेल्या या निनावी चिठ्ठ्या. कोणी त्यांना फिशपॉन्ड म्हणते, आमच्या विभागात शेलापागोटे म्हणतात. शेला-पागोटे देऊन एकेकाळी माणसाचा सत्कार होत असे. मुलांनी तोच शब्द उलटा घालून चेष्टेचा सन्मान केला, यात त्यांची भाषेची जाण दिसते, असे आमचे मत आहे.

या चिठ्ठ्यांत भाकिते फार. एकीविषयी लिहिलेले असते, 'ही लग्नात उखाणा घ्यायला उभी राहील आणि आधी संदर्भसूची वाचून दाखवील.' दुसऱ्याविषयी, 'हा वीस वर्षांनीही ग्रंथालयातच सापडेल. समोर पुस्तक नसेल, डबा असेल.' आणि एम.ए.च्या एका प्रेमवीराविषयी, 'याचा संसारही तासिका तत्त्वावर चालेल.' ही शेवटची चिठ्ठी वाचून आम्ही हसलो आणि मग गप्प बसलो. आमच्यापैकी काहींनी उमेदीची वर्षे त्याच तत्त्वावर काढली आहेत.

या प्रथेविषयी शिक्षकांत दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, हा सारा थिल्लरपणा आहे, बंद करा. दुसरा म्हणतो, पोरांची गंमत आहे, सोडून द्या. आम्हांला दोघांशीही भांडायचे आहे; आणि भांडून झाल्यावर स्वतःशीही.

प्रथम बंदीवाल्यांशी. माणसाला त्याचे भविष्य चेष्टेत सांगणे ही मराठीची जुनी कमाई आहे. एकनाथांनी भारुडात जोशाचे सोंग आणले. दारोदार होरा सांगणाऱ्याच्या तोंडून ऐकणाऱ्याला त्याचीच लबाडी ऐकवली. शिमग्याची बोंब, तमाशातला सोंगाड्या, लग्नातले उखाणे, ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' (१९२५) लिहिली आणि रविकिरण मंडळाच्या कवींची यथेच्छ फिरकी घेतली. ते पुस्तक आपण आजही विडंबनाचा नमुना म्हणून शिकवतो. वर्गात ज्याला परंपरा म्हणायचे, त्यालाच सभागृहात थिल्लरपणा म्हणायचे, हा न्याय कुठला? शिवाय बंदीने चिठ्ठी मरत नाही. ती भ्रमणध्वनीवरच्या गटात जाते. तिथे तिला सभा नसते, संपादक नसतो आणि रात्री दोन वाजता ती एकट्याने वाचावी लागते.

आणखी एक गोष्ट. तीन वर्षांत आमचे विद्यार्थी जे लिहितात त्यातले बहुतेक आमच्या टिपणांतून आमच्याकडेच परत येते. गुणांची आशा न धरता, नेमका वाचक डोळ्यांसमोर ठेवून, दीड ओळीत माणूस उभा करण्याचा प्रयत्न ते या पेटीतच करतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. त्या भाषेत मुले आपणहून लिहितात अशी जागा बंद करायला निघालेल्यांनी निदान पेढे तरी परत करावेत.

आता गंमतवाल्यांशी. गंमत हा काही निकष नव्हे. 'झेंडूची फुले'त चेष्टा कशाची होती? कवींनी जे लिहिले त्याची. त्यांच्या लकबींची, त्यांनी आपणहून अंगावर चढवलेल्या शब्दकळेची. जे माणसाने स्वतः निवडले त्यावर हसावे. निवडलेले बदलता येते, त्यावर उत्तर देता येते, स्वतःलाही हसता येते. जे जन्मासोबत मिळाले त्यावरच्या हशाला उत्तर नसते. संदर्भसूचीचे वेड त्या मुलीने कमावले आहे. रंग, उंची, आडनाव, गावची बोली यांतले तिने काय कमावले?

आणि पेटीतल्या निम्म्या चिठ्ठ्या नेमक्या याच गोष्टींवर असतात. सावळ्या मुलीसाठी विजेच्या भारनियमनाचा विनोद आम्ही इतक्या वर्षांत इतक्या वेळा ऐकला आहे, की तो लिहिणाऱ्याला वाङ्मयचौर्याखाली नापास करता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगविषयक नियमांत दुरुस्ती केली. रंग, जात, लिंग, रूप, प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख, आर्थिक स्थिती यांवरून विद्यार्थ्याला दिलेला मानसिक त्रास त्या दुरुस्तीने रॅगिंगमध्ये धरला, मग तो विद्यार्थी नवा असो वा जुना. म्हणजे निरोपाच्या दिवशीही हा नियम सुटीवर नसतो. तरीही आम्ही नियमाचा धाक घालू इच्छीत नाही. साहित्याच्या शिक्षकाला क्रौर्य ओळखायला परिपत्रक लागू नये.

परंतु आम्ही ते ओळखले नाही, आणि इथे आमचे स्वतःशी भांडण सुरू होते.

पेटी आदल्या दिवशी आमच्याकडे का येते? तपासणीसाठी. 'आक्षेपार्ह' चिठ्ठ्या गाळण्याचे काम आमचे. आम्ही काय गाळत आलो ते प्रामाणिकपणे सांगतो. प्राचार्यांवरची चिठ्ठी गाळली. संस्थेच्या इमारत निधीवरची गाळली. आमच्यातल्या एकाच्या पिवळ्या पडलेल्या टिपणांवरची, खरे तर त्या वर्षीची सर्वांत चांगली, तीही गाळली. आणि सत्तेला बोचणारे सारे काढून उरलेले, म्हणजे वर्गातल्या दुबळ्यांना बोचणारे, मोठ्या उदार मनाने 'खेळीमेळीचे' म्हणून पुढे जाऊ दिले. विडंबनाची परंपरा सांगणाऱ्या आम्ही तिचे तोंड नेमके उलट्या दिशेला फिरवले.

काही वर्षांपूर्वी खानदेशातून आलेल्या एका विद्यार्थ्यावर चिठ्ठी होती: 'हा प्राध्यापक होईल आणि पहिल्याच तासाला मराठी बाण्याचा बाना करून वर्ग घायाळ करील.' सभागृह कोसळले. तोही हसला, सगळ्यांच्या आधी हसला. परीक्षक म्हणून आम्ही त्या चिठ्ठीला पहिले बक्षीस दिले, शब्दचमत्कृतीसाठी. तीन आठवड्यांनी तोंडी परीक्षेत एका कवितेतल्या प्रतिमांविषयी त्याला विचारले. तो अडखळला, थांबला आणि 'जल' म्हणाला. पुन्हा थांबून 'मनुष्य' म्हणाला. 'पाणी' आणि 'माणूस' हे दोन शब्द तो पंधरा मिनिटे टाळत होता. समोरच्या टेबलावर 'बहिणाबाईंची गाणी' ठेवलेले होते. १९५२ साली ते पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाले तेव्हापासून मराठी समीक्षा त्यातल्या बोलीचे कौतुक करीत आली आहे. ते कौतुक आम्ही दर वर्षी चार तास शिकवतो. बोली कवितेत आली की सौंदर्य आणि विद्यार्थ्याच्या तोंडी आली की विनोद, हा आमचा अभ्यासक्रम त्या मुलाने आमच्यापेक्षा नीट वाचला होता.

'बलुतं' (१९७८) शिकवताना दगडू मारुती पवार या नावाची सल आम्ही फळ्यावर समजावून देतो. त्याच आठवड्यात आडनावावरच्या कोटीवर खोलीत हशा पिकतो आणि आम्ही घड्याळाकडे पाहतो.

भाकितांविषयी एक तक्रार वाङ्मयीनही आहे. ती क्रूर असतात त्याहून अधिक ती दरिद्री असतात. मुलींचे भविष्य लग्नात संपते, मुलांचे एमपीएससीच्या अमुकाव्या प्रयत्नात किंवा बापाच्या शेतावर. आणि शेतावर जाणे ही फजितीच मानलेली असते. अमुक जण कादंबरी लिहील, तमकी आपल्या बोलीचा कोश करील, असे कोणी थट्टेतही लिहीत नाही. 'कोसला' (१९६३) मधला पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो आणि नापास होऊन गावी परततो. आमच्या पेटीत त्याच्या नावाची चिठ्ठी 'नापास' या शब्दापाशी थांबली असती. कादंबरी मात्र त्या अपयशाकडे पुरते पाहते. एका माणसाच्या आयुष्याचे एकाहून अधिक शेवट कल्पिता येणे एवढे जरी तीन वर्षांत शिकवता आले नसेल, तर आम्ही शिकवले काय?

म्हणून आमचे म्हणणे बंदीचे नाही आणि सोडून देण्याचेही नाही. पेटी राहावी, निनावीपण जावे. चिठ्ठीखाली नाव असावे, आणि ज्याला दुसऱ्यावर लिहायचे असेल त्याने आधी स्वतःवर एक लिहावी. भारुडातला जोशी गर्दीच्या मधोमध उभा राहून बोलतो. अंधारातून खडा टाकून पळत नाही. आणि तपासणीची कात्री शिक्षकांच्या हातून काढून वर्गाच्या हाती द्यावी. काय काढायचे आणि का, हा वाद त्यांनी निरोपाआधी एक दुपारभर घालावा. समीक्षेची प्रश्नपत्रिका याहून वेगळी काय असते?

शिक्षकांवरची एकही चिठ्ठी मात्र गाळू नये. पिवळ्या टिपणांवरची ती चिठ्ठी आम्ही जपून ठेवली आहे. 'सर दहा वर्षांनी निवृत्त होतील; टिपणे सेवेत राहतील.' यंदाच्या समारंभात ती आम्ही स्वतः वाचून दाखवणार आहोत. त्या विद्यार्थ्याचे आमच्यावर जे देणे आहे, ते एवढ्याने फिटणार नाही, हे आम्हांला ठाऊक आहे.