रास्त भावाचा शिक्का



परवा हिंजवडीत एका घरी चहाला बसलो होतो. घरच्या मुलीने कॉफीचे विलायती पाकीट पुढे ठेवले, त्यावरचा 'फेअरट्रेड'चा शिक्का दाखवला आणि विचारले, "काका, असा शिक्का आपल्या मालाला का नाही?" तिचे आजोबा १९८० साली सासरवाडीच्या मंडळींबरोबर चाकणच्या कांदा आंदोलनात उतरले होते. ते म्हणाले, "अगं, आम्ही तरी दुसरं काय मागत होतो?"

आजोबांचे खरे आहे. शरद जोशींनी चाकणला मागितला तो खर्च भरून निघेल असा भाव. तिथे गाऱ्हाणे सरकारपुढे होते, या शिक्क्यात ते गिऱ्हाइकापुढे मांडले जाते, एवढाच फरक.

त्याच दशकात मेक्सिकोतले लहान कॉफी शेतकरी दलालांच्या भावाने गांजले होते. त्यांच्या सहकारी संस्थेबरोबर काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि हॉलंडमधले निको रोझेन यांनी १९८८ साली 'मॅक्स हॅवेलार' हे लेबल काढले. १९९७ साली निरनिराळ्या देशांची अशी लेबले एका संघटनेखाली आली.

यात शेतकऱ्याला मिळते काय? एक म्हणजे किमान भाव. बाजार कोसळला तरी खरेदीदाराला त्याखाली जाता येत नाही, आणि बाजार चढला तर चढा भाव द्यावा लागतो. धुतलेल्या अरेबिका कॉफीला ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला १.८० डॉलर ठरला. वर २० सेंट अधिमूल्य. ही रक्कम संस्थेकडे जाते. विहीर, गोदाम की शाळा, हे सभासद सभेत ठरवतात. मला तर भावापेक्षा ही सभाच मोलाची वाटते. आपल्याकडे विदर्भातल्या कापूस उत्पादकांना 'चेतना ऑरगॅनिक'ने २००४ पासून या वाटेवर आणले.

आता दुसरी बाजू. लहान शेतकऱ्याला हा शिक्का एकट्याने मिळत नाही, गट लागतो. फवारणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात, बंदी असलेली औषधे चालत नाहीत, शेतावर बालमजूर चालत नाही. तपासणीची फी भरावी लागते. आणि शिक्का मिळाला म्हणजे माल विकला गेला असे नव्हे. त्या अटींवर घेणारा जेवढा घेईल तेवढाच त्या भावाने जातो, उरलेला नेहमीच्या बाजारात.

म्हणून कोणी प्रमाणपत्र काढून देतो म्हणत गावात आला, तर फी भरण्याआधी त्याला विचारा: घेणार कोण, आणि किती क्विंटल? उत्तर लेखी घ्या. आजोबांनी त्यात आणखी एक भर घातली, "वजन कुणाच्या काट्यावर, तेही विचारा."