"ओळखीचाच आहे" एवढं पुरेसं नाही



पाणी गाळायचं, उकळायचं, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण बाहेरून काही विकत घेताना आपला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "कांदा-लसूण नाही ना?" दूध कधीचं आहे, भांडी कशी धुता, हे विचारायला जीभ रेटत नाही. वर म्हणतो, "जाऊ दे, ओळखीचाच आहे." मला वाटतं, हे विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. तो आपल्या स्वयंपाकघराचाच एक भाग आहे.

यावर विचार करताना मला मेरी पेनिंग्टन आठवतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या महापालिकेच्या आरोग्य खात्याची जंतू-प्रयोगशाळा चालवत होत्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी १८९२ मध्ये पदवीचा अभ्यासक्रम पूर्ण केला, पण बाई म्हणून त्यांना पदवी नाकारून नुसतं प्रमाणपत्र दिलं गेलं. त्याच विद्यापीठातून १८९५ मध्ये त्या डॉक्टरेट झाल्या.

त्या काळी शहरात येणारं बरंचसं दूध कच्चंच विकलं जाई. खेड्यातून कॅनमधून यायचं आणि उन्हाळ्यात वाटेतच तापायचं. अशा दुधातून विषमज्वर आणि क्षय पसरत, लहान मुलं जुलाबाने दगावत. त्यातच शाळांजवळ आइस्क्रीमच्या गाड्या उभ्या असत आणि मुलं हातात पैसा घेऊन तिथे धावत.

पेनिंग्टनबाईंनी काय केलं? त्या विक्रेत्यांना त्यांनी सूक्ष्मदर्शकातून त्यांच्याच मालातले जंतू दाखवले. मग सांगितलं, भांडी आणि डाव उकळून घ्या. विक्रेत्यांनी ते ऐकलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तो गाडीवाला काही दुष्ट नव्हता. मुलांना आजारी पाडायचं त्याच्या मनातही नसणार. त्याला दिसत नव्हतं, एवढंच. आणि उपायाला खर्च किती? थोडं सरपण आणि थोडा वेळ.

म्हणजे माणूस चांगला आहे, ओळखीचा आहे, यावरून त्याचा डाव स्वच्छ आहे असं ठरत नाही. डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिथे काही नाहीच, असं मानायची सवय निदान आपल्याला तरी नाही. मग हा विचार उंबरठ्याशीच का थांबावा?

कुणी म्हणेल, गरीब विक्रेत्याच्या पोटावर पाय कशाला? पण पेनिंग्टनबाईंनी त्याची गाडी हलवली नाही. त्याचा धंदा राहिला आणि मुलंही जपली गेली. मात्र नुसत्या समजावण्याने सगळं भागतं असंही मी म्हणणार नाही. जाणूनबुजून भेसळ करणाऱ्याला सूक्ष्मदर्शक दाखवून काय उपयोग? त्याला कायदाच हवा. अमेरिकेत तो १९०६ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी सरकारी परीक्षेच्या अर्जावर बाईंनी 'एम. ई. पेनिंग्टन' एवढंच नाव लिहिलं, म्हणजे अर्ज बाईचा आहे हे कळू नये! निवड झाली आणि १९०८ मध्ये त्या केंद्र सरकारच्या अन्न-संशोधन प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. दुधासाठी त्यांनी घालून दिलेले निकष पुढे इतर शहरांनीही स्वीकारले.

आपल्याला प्रयोगशाळा नको, परीक्षाही नको. पाकिटावर किंवा दुकानात १४ आकडी परवाना क्रमांक आहे का ते पाहायचं. दूध थंड ठेवता का, पाणी कुठलं वापरता, हे हसून, पण स्पष्ट विचारायचं. सांघिक जेवणाचं कंत्राट देताना तर हे आधी ठरवायचं, मग पदार्थांची यादी. एकटीने विचारलं तर "बाई फार चिकित्सक आहे" म्हणतील. दहाजणींनी विचारलं, तर तो गाडीवाला उद्या डाव उकळूनच आणेल.

तुमच्याकडे हे कोण विचारतं, मला जरूर कळवा.