'मी' कुणाचा?

"ते स्वतःच स्वतःला हिजडा म्हणवून घेतात, मग आम्ही म्हटलं तर काय बिघडलं?" पारोळ्यातल्या दोस्तांपासून पुण्यातल्या माझ्या ऑफिसपर्यंत हा युक्तिवाद मी ऐकतो. पुरावा म्हणून लक्ष्मी त्रिपाठींचं २०१२ चं पुस्तक पुढे केलं जातं : 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' भाई, त्या नावात 'मी' दोनदा आहे. तोच नेमका तुम्ही गाळता.

आसाममध्ये बंगाली मूळच्या मुसलमानांना हिणवायला 'मियां' म्हणतात. २०१६ पासून तिथल्या तरुण कवींनी तोच शब्द अभिमानाने कवितेत आणला. २०१९ मध्ये दहा जणांवर गुन्हा दाखल झाला, तेव्हा आपण त्यांच्या बाजूने पोस्टी टाकल्या. म्हणून उद्या बसस्टँडवर कुणी तुम्हाला 'ए मियां' असं हिणवलं तर चालेल?

सभ्य लोक म्हणतात, 'तृतीयपंथी' म्हणा, विषय संपला. पहिला आणि दुसरा नंबर कुणी वाटला, हे मला इंजिनीअर होऊनही कळलेलं नाही. आणि सभ्य शब्दाने दार उघडतंच असंही नाही. आपल्याच जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी अर्ज भरला. तृतीयपंथी म्हणून तो बाद झाला. २ जानेवारी २०२१ ला औरंगाबाद खंडपीठाने, सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालाचा आधार घेत, त्यांना महिला म्हणून लढू दिलं. त्या निवडूनही आल्या. लक्ष्मींनी 'हिजडा' निवडला, अंजलींनी 'महिला'. दोघींनी आपापलं ठरवलं. तुमचं-माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

आता कुणी दीन मध्ये आणेल. हलाल-हरामच्या वादात मी इथे पडत नाही. पण सूरह हुजुरातच्या ११व्या आयतीत एकमेकांना वाईट नावं ठेवायला साफ मनाई आहे. जुम्म्याला त्याच आयतीचं पोस्टर आमच्या क्रिकेटच्या ग्रुपवर येतं, आणि रविवारी कुणी झेल सोडला की तोच पोस्टरवाला 'हिजडा' टाइप करतो. ॲडमिन साहेब, तो मेसेज उडवायला कुणाच्या फतव्याची वाट बघताय?