नाव नसलेला आजार

1949 साली मुंबईतील गायी-म्हशींचे गोठे शहराबाहेर हलविण्यासाठी आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. महानगराच्या दुधाची चिंता शासनाने तत्परतेने वाहिली. त्याच भूमीवरील वारली पाड्यांच्या आरोग्याविषयी मात्र ती तत्परता कधी दिसली नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिससारख्या आजारात ही विषमता उघडी पडते.

या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावरच हल्ला चढविते. तो बहुधा विशी ते चाळिशीत, स्त्रियांना अधिक प्रमाणात होतो. एका डोळ्याला अंधुक दिसते, पाय बधिर होतात, तोल जातो. आणि काही आठवड्यांत बरेचसे ओसरतेही. मग ‘अशक्तपणा’ म्हणून बोळवण होते. रोगी स्त्री असेल, तर ‘मनाचे खेळ’ हा शेरा तयारच असतो.

याचे निदान एका चाचणीने होत नाही. लक्षणांचा इतिहास, एमआरआय आणि गरजेनुसार पाठीच्या कण्यातील पाण्याची तपासणी यांचा मेळ घालावा लागतो. ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, क्षयरोग, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हे अशीच लक्षणे दाखवितात. यांपैकी शेवटच्या विकाराचे प्रतिपिंड 2004 साली ओळखले गेले. मल्टिपल स्क्लेरॉसिसवर दिले जाणारे इंटरफेरॉन त्यात अपायकारक ठरते. म्हणजे चुकीचे नाव हे नाव नसण्याइतकेच घातक होय.

रोजंदारीवर जगणाऱ्याला रुग्णालयाची प्रत्येक खेप एका दिवसाच्या मजुरीला पडते. दोन खेपांत दुखणे ओसरले, की तिसरी खेप होत नाही. 2016 च्या अपंग हक्क कायद्याने या आजाराला आपल्या यादीत स्थान दिले. परंतु ज्याचे निदानच झाले नाही, त्याला कायद्याचे दार कसे उघडणार? 1985 पासून मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांसाठी काम करीत आहे. तथापि स्वयंसेवी संस्था शासनाची जागा घेऊ शकत नाही.

आजार विरळ, मग त्यावर खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. पण पाड्याजवळच्या दवाखान्यातून मज्जाविकारतज्ज्ञाकडे ठरलेल्या तारखेची चिठ्ठी, वेळेवर मोफत एमआरआय आणि जपून ठेवलेली नोंद ही साखळी पक्षाघात, अपस्मार व मेंदूच्या क्षयाच्या रुग्णांनाही तितकीच तारील. महापालिकेकडे कार्यकर्त्यांनी मागावयाचे ते हेच. आजाराचे नाव कळणे ही मेहेरबानी नव्हे. तो उपचाराच्या हक्काचा पहिला भाग आहे.