वर्तणूक : चांगली

आपल्या समाजात माणसाला चांगुलपणाचा दाखला दोनच वेळा मिळतो. एकदा शाळा सोडताना आणि एकदा जग सोडताना. शाळेच्या दाखल्यावर हेडमास्तर ‘वर्तणूक : चांगली’ असे लिहून देतात, मग तो पोरगा सारे वर्षभर बाकावर उभा राहिलेला का असेना! आणि शोकसभेत तर काय, जन्मभर शेजाऱ्याशी नळाच्या पाण्यावरून भांडलेला गृहस्थही अजातशत्रू ठरतो. पण या दोन दाखल्यांच्या मधल्या पन्नास-साठ वर्षांत, ज्या दिवशी आपल्याबद्दल कुणी दोन खरे शब्द बोलावेत अशी माणसाला खरोखर गरज पडते, नेमकी त्याच दिवशी आपल्या पेनातली शाई वाळलेली असते.

ऐन दिवाळीत, चकली मोडता मोडता वाचण्याजोगा हा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण वाचकहो, पणत्या लावायच्या त्या काय उजेडातच लावायच्या?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने वस्तीला पाणी मिळावे म्हणून पन्नास माणसे घेऊन रस्ता अडवला. अडवला हे खरे. कोर्टातही त्याने ते नाकारले नाही. दोषी ठरला. शिक्षा ठरण्यापूर्वी चार दिवसांची तारीख मिळाली. वकील म्हणाले, “याला जवळून ओळखणाऱ्या पाच माणसांची लेखी निवेदने आणा.” मुलाची आई दारोदार फिरली. ज्यांच्या गणपतीचे मखर दरवर्षी हा मुलगा बांधून देत असे, ते म्हणाले, “कायदा आपले काम करील, वहिनी.” दुसरे म्हणाले, “त्याचे वागणे मला मुळातच पटले नव्हते.” तिसरे म्हणाले, “पत्राने का कुठे शिक्षा टळते?” आणि चौथा मी. मी म्हणालो, “दोन दिवस विचार करतो.” विचार कसला? मुलाच्या पासपोर्टचे काम अडकेल की काय, हाच!

पहिले निवेदन दिले ते आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी. “माझा पोरगा तापानं फणफणला होता. यानं रात्री दोन वाजता त्याला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला. मी पैसे देऊ केले, घेतले नाहीत.” एवढेच त्यांनी सांगितले, वकिलांनी तेवढेच लिहून घेतले आणि बाईंनी खाली सही केली. त्या सहीनंतर माझी सही झाली. धैर्याने नव्हे, लाजेने. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले. ते निवेदनांमुळे की आणखी कशामुळे, हे सांगता येणार नाही आणि माझा मुद्दाही तो नव्हे. माझा मुद्दा त्या तीन सभ्य उत्तरांचा आहे.

पहिले उत्तर, कायदा आपले काम करील. अहो, पण तो कायदाच तर तुम्हाला विचारतो आहे! १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्यात साफ लिहिले आहे की, गुन्हेगाराला हमीवर सोडावे की नाही हे ठरवताना कोर्टाने गुन्ह्याच्या स्वरूपाबरोबर त्या माणसाचे चारित्र्यही पाहावे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोषी ठरलेल्या माणसाचे शिक्षेबाबत वेगळे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद केली. हे ऐकणे म्हणजे केवळ उपचार नव्हे, असे १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्तासिंगच्या खटल्यात बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ती तरतूद कायम ठेवली आहे. आता हे चारित्र्य कोर्टाने पाहावे तरी कुठून? न्यायाधीशासमोर असतो तो माणसाच्या आयुष्यातला एक दिवस, पंचनाम्यात बांधलेला. उरलेले सारे दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिलेले असतात. ते शेजारीच तोंड मिटून बसले, तर कायदा आपले काम करील खरा, पण एका डोळ्याने!

दुसरे उत्तर, त्याचे वागणे मला पटले नाही. नसेल पटले! १८९७ साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. तेव्हा त्यांच्यासाठी राणी व्हिक्टोरियाकडे दयेचा अर्ज गेला. त्यावर दादाभाई नौरोजींची सही होती यात नवल नाही. पण पंडित मॅक्समुल्लरचीही होती! टिळकांच्या राजकारणाशी या गृहस्थाला काही कर्तव्य नव्हते. त्याला माहीत होता तो वेदांचा अभ्यासक टिळक, आणि जेवढे माहीत तेवढ्याच्या बळावर त्याने शब्द टाकला. तुरुंगात आपल्या ऋग्वेदाची प्रतही धाडली. सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदत भरण्याआधी, टिळक सुटले. ऑक्सफर्डला बसलेल्या परक्या पंडिताला जे साधले, ते एका भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला साधू नये? निवेदन हे कृत्याचे समर्थन नव्हे. ती माणसाची ओळख आहे.

तिसरे उत्तर सगळ्यांत शहाणे आणि म्हणून सगळ्यांत घातक. पत्राने होते काय? कधी कधी काहीच होत नाही, हे मी आधीच मान्य करतो. अमेरिकेत शिक्षेपूर्वी न्यायाधीशाला अशी पत्रे लिहिण्याचा मोठाच प्रघात आहे. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये जेरेमी हॅमंड या चळवळ्या तरुणाला एका खाजगी हेर-कंपनीचे संगणक फोडल्याबद्दल शिक्षा व्हायची होती. अडीचशेंहून अधिक पत्रे कोर्टात गेली. शिक्षा झाली दहा वर्षांची, कबुलीजबाबानंतर देता येणारी जास्तीत जास्त! मग ती पत्रे वाया गेली? मला तसे वाटत नाही. शिक्षा कमी करणे न्यायाधीशाच्या हातात असते. खरे सांगणे आपल्या हातात असते. दुसऱ्याने आपले काम कसे केले यावर आपण आपले काम करायचे की नाही, हे ठरत नसते. शिवाय त्या मुलाला दहा वर्षे कोठडीत काढायची होती. आपल्याला ओळखणारी इतकी माणसे सही करून उभी राहिली, ही शिदोरी काय थोडी झाली?

आणखी एक आक्षेप आहे, तो चळवळीतल्या स्वाभिमानी मंडळींचा. ते म्हणतात, “आम्ही दयेची भीक मागत नाही.” बरोबर आहे. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत गांधीजींनीही दया मागितली नाही, उलट जास्तीत जास्त शिक्षा मागितली. पण न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी सहा वर्षांची शिक्षा देताना काय केले? राजकीय विरोधकसुद्धा या माणसाला थोर आणि साधुवृत्तीचा मानतात, हे त्यांनी भर कोर्टात नोंदवले. आणि पुढे सरकारने शिक्षा कमी केली तर आपल्याइतका आनंद कुणालाच होणार नाही, असेही म्हटले. आरोपीने मागितला नव्हता, तरी खुद्द न्यायाधीशाने दाखला दिला! दया मागायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. साक्ष द्यायची की नाही हा आपला.

एक खरे, बड्यांना पत्रांचा तुटवडा कधीच पडत नाही. २०१२ साली रजत गुप्ता या बड्या उद्योगपतीसाठी न्यूयॉर्कच्या कोर्टात चारशेंच्या वर पत्रे आली. त्यांत बिल गेट्स होते, कोफी अन्नान होते. सरकार पक्षाने आठ ते दहा वर्षे मागितली होती, शिक्षा झाली दोन वर्षांची. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी की, पाण्यासाठी रस्त्यावर बसलेल्या पोराला कोफी अन्नान कुठून मिळणार? त्याला आपणच आहोत!

तेव्हा लिहा. पण बाईंसारखे लिहा. ‘होतकरू, सुशील, निर्व्यसनी’ ही लग्नाच्या स्थळाची भाषा नको. डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट पुरे. तो निर्दोष आहे, असा वाद घालू नका. ती वेळ गेलेली असते. न्यायाधीशांना शहाणपण शिकवू नका, त्यांच्या घरी तर पत्र मुळीच धाडू नका. जे द्यायचे ते वकिलामार्फत, रीतसर, उघड. आणि एक अक्षरही खोटे नको. एका खोट्या पत्राने दहा खरी बुडतात.

या दिवाळीत आपण किती शुभेच्छा पाठवल्या असतील! ‘ही दिवाळी सुखाची जावो’ हे लिहायला काय लागते? ज्या घरात या वर्षी तारीख पडली आहे, त्या घरी फराळाचा डबा घेऊन जा आणि त्या माउलीला विचारा, “वहिनी, माझे निवेदन कुणाकडे द्यायचे?” मी दोन दिवस उशीर केला होता. तुम्ही करू नका.