त्यांच्या विजयात आपण

४ मे २०२३ च्या रात्री नापोली हा नेपल्सचा फुटबॉल संघ शहरात नव्हताच. सामना दूर ईशान्येला, उदिने शहरात होता. बरोबरी पुरेशी होती आणि उत्तरार्धात ओसिमेनने गोल मारून ती मिळवून दिली. ३३ वर्षांनी इटलीचं विजेतेपद या शहराकडे परत आलं. घरचं स्टेडियम रिकामं असूनही भरलेलं होतं. पन्नास हजारांवर माणसं तिथं मोठ्या पडद्यांवर सामना बघत होती. शिट्टी वाजली आणि सगळं गाव रस्त्यावर आलं. मी इथंच राहतो, म्हणून मीही उतरलो.

त्याच वेळी आपल्या मंडळींच्या ग्रुपवर निरोप फिरत होते : दारं लावून घ्या, बाहेर पडू नका. परदेशातल्या मराठी माणसाची ही सवय मला खुपते. गणपतीला आपण हॉल घेतो, दिवाळीला फराळ करतो, तेव्हा स्थानिकांनी यावं म्हणून आग्रहानं बोलावतो. आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस उजाडतो तेव्हा आपण खिडकीत उभे राहून मोबाइलवर त्याचं चित्रण करतो.

नेपल्सचा आनंद समजून घ्यायचा तर त्यामागचा अपमान ठाऊक हवा. इटलीची श्रीमंती उत्तरेत, तूरिन आणि मिलानमध्ये. दक्षिणेतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिकडच्या कारखान्यांत राबायला गेली. उत्तरेतल्या स्टेडियममध्ये आजही व्हेसुव्हियस ज्वालामुखीला साकडं घालणारी घोषणा ऐकू येते : या लोकांना आगीनं धुऊन काढ. अशा गावात १९८४ साली माराडोना आला. १९८७ मध्ये पहिलं विजेतेपद, १९९० मध्ये दुसरं. ८७ च्या त्या दिवसांत कुणीतरी स्मशानाच्या भिंतीवर लिहून ठेवलं होतं, तुम्ही काय गमावलंत ते तुम्हाला कळणारही नाही. पुढं २००४ मध्ये क्लबचं दिवाळं निघालं आणि संघाला तिसऱ्या श्रेणीतून नव्यानं सुरुवात करावी लागली. हे माहीत असलं की व्हिया तोलेदो या रस्त्यावरचा निळा धूर नुसता गोंगाट वाटत नाही.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब भिडतात तेव्हा पेठांचं काय होतं, हे मला कुणी सांगायला नको. म्हणूनच क्वार्तिएरी स्पान्योलीच्या अरुंद गल्ल्यांत मला अनोळखी वाटलं नाही. इथंही घराघरांतून वर्गणी निघाली होती, या गॅलरीतून त्या गॅलरीत निळ्या-पांढऱ्या पताका गेल्या होत्या, खेळाडूंचे पुरुषभर उंचीचे पुठ्ठ्याचे पुतळे उभे होते. खरं तर हे गाव शकुन-अपशकुन फार मानणारं. विजयाआधी विजयाचं नाव काढायचं नाही, असा इथला दंडक. त्या वर्षी मात्र कित्येक आठवडे आधीच गल्ल्या सजल्या.

त्या गर्दीत आपण उपरे ठरू, ही भीती तर अगदीच निराधार आहे. ज्यांनी हा दिवस दाखवला ते तरी कुठले? गोल करणारा ओसिमेन नायजेरियाचा, डाव्या बगलेवरून बचाव फोडणारा क्वारात्सखेलिया जॉर्जियाचा, मागची फळी सांभाळणारा किम कोरियाचा. ज्याच्या नावानं इथलं स्टेडियम आहे तो माराडोना ब्यूनोस आयर्सच्या वस्तीत वाढलेला. माझ्या शेजारचं श्रीलंकन कुटुंब पोरांच्या गालांवर निळा रंग फासून सगळ्यांच्या पुढं होतं. कोपऱ्यावरचे फळवाले आजोबा एरवी हिशेबापलीकडं बोलत नाहीत. त्यांनी मला मिठीत घेतलं आणि रडत रडत आपल्या वडिलांबद्दल सांगायला लागले. मला सगळं कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ते मला नावानं हाक मारतात.

ग्रुपवरची काळजी मात्र खोटी नव्हती. त्या रात्री गोळीबारात एक तरुण गेला, दोनशेच्या आसपास लोक जखमी झाले. हवेत बार काढणाऱ्यांना आणि माणसांच्या गर्दीत फटाके लावणाऱ्यांना आनंदाच्या नावाखाली माफी नाही, मग ते कुठल्याही गावचे असोत. म्हणून एकट्यानं भटकू नका. शेजाऱ्यांबरोबर जा, ते ज्या चौकात उभे राहतील तिथंच थांबा, लहान मुलांना मध्यरात्रीआधी घरी आणा. पण ही काळजी घेऊन जाणं वेगळं आणि काळजीचं कारण सांगून घरात बसणं वेगळं.

२३ मे २०२५ ला कालियारीला २-० हरवून नापोलीनं पुन्हा विजेतेपद घेतलं, आणि या खेपेला आपली चार-पाच कुटुंबं चौकात होती. तुम्ही लिव्हरपूलला असा, लिस्बनला असा की ब्यूनोस आयर्सला, तुमच्या गावाचा दिवस येईल तेव्हा शेजाऱ्याचं दार वाजवा आणि कुठं जमायचं एवढं विचारा.