लाल माती की छकडा?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कसं आहे ते माझ्या रूम पार्टनरला विचारा! काना-मात्रा चुकला तर सांभाळून घ्या.

परवा हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक इंग्लिश वेस्टर्न पिक्चर लागला होता. एकाच गावात एकाच दिवशी रोडिओ आणि बॉक्सिंग. इकडे उधळलेल्या बैलावर आठ सेकंद टिकण्यासाठी जिवावर उदार झालेले काउबॉय, तिकडे मॅच भरवून गल्ला गोळा करणारे प्रमोटर. गर्दी कोणाची, यावरून दोघांची जुंपलेली. पोरं हसत होती. मला मात्र माझं आजोळ आठवलं... कुंडल!

कुंडलचं कुस्ती मैदान आपल्या भागात कोणाला सांगायला नको. माझे आजोबा तरुणपणी कुस्ती खेळलेले, आणि मामाच्या गोठ्यात शर्यतीचा खिलार खोंड. त्यामुळे सुट्टीत जेवताना रोज एकच विषय.

आजोबा म्हणतात, "हिंदकेसरी म्हणजे कवठेपिरानचा मारुती माने! १९६४ साली झाला. आता बैलाला हिंदकेसरी म्हणायला लागलेत." खोटं नाही. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतल्या शर्यतीचं नाव हिंदकेसरीच आहे.

मामा म्हणतो, "आबा, ट्रॅक्टर आल्यावर बैलाला काम काय उरलं? शर्यत आहे म्हणून खिलार जगतीय." हेही खोटं नाही. कुंडलशेजारी किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना काढला. तिथले लोखंडी नांगर बैलच ओढायचे. आज त्याच शिवारात बैल फक्त पळायला उरलाय.

मी आधी सरळ आजोबांच्या पार्टीत होतो. कारण कुस्तीचं मैदान म्हणजे एक शिडी आहे. दुपारी बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, संध्याकाळी एक नंबरची. ज्याच्याकडे फक्त लंगोट आहे तोही पहिल्या पायरीवर पाय ठेवू शकतो. शर्यतीचा बैल मात्र लाखांत जातो. गरिबाच्या पोरानं तिथं काय करायचं? कडेला उभं राहून शिट्ट्या मारायच्या!

हे मी मामाला ऐकवलं. त्यानं शांतपणे विचारलं, "२०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, त्या २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाल्या. मधली सात वर्षं शर्यत नव्हती. तेव्हा तालमी भरल्या का रे?"

आजोबा काही बोलले नाहीत. मीही नाही. कारण त्या सात वर्षांत तालमीत न गेलेला एक पोरगा त्यांच्याच ताटाशेजारी बसला होता. आधी स्कूल बस, मग क्लास, मग सीईटी. तालमीतली पोरं बैलानं पळवली नाहीत. आम्हीच गेलो नाही, आणि आम्हाला कोणी पाठवलंही नाही.

म्हणून मला वाटतं, हे भांडणच चुकीचं आहे. भाळवणीचे चंद्रहार पाटील २००७ आणि २००८ चे महाराष्ट्र केसरी. त्यांनीच पुढे मोठ्या बैलगाडी शर्यती भरवल्या. म्हणजे एका माणसाला दोन्ही जमतं, तर एका गावाला का जमू नये? शर्यतीला गाड्या, ट्रॅक्टर बक्षीस लागतात, हजारो लोक येतात. संयोजकांनी त्याच दिवशी सकाळी शेजारी आखाडा करावा आणि बारक्या पोरांच्या कुस्त्या लावाव्यात. बक्षिसाच्या रकमेतला थोडा वाटा गावच्या तालमीत खुराकाला द्यावा. गर्दी आयतीच आहे, फक्त शिडीची खालची पायरी परत लावायची आहे.

कोणी म्हणेल, इंजिनिअरिंगच्या पोरानं हॉस्टेलमध्ये मॅगी खात हे सांगणं सोपं आहे. कबूल! म्हणून सेमिस्टर संपली की कुंडलला जाऊन पहाटे तालमीत उतरायचं ठरवलंय. विसाव्या वर्षी पैलवान होत नाही, हे मला कळतं. पण निदान आजोबांना माती उकरायला एक नातू तरी मिळेल.

पटतंय का बघा!